नितळ पाणी

ता. परतूर, जि. जालना
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय तृप्तीताई,

दैवशालावहिनीचा नमस्कार. तुम्ही, पाव्हणे, तुमच्या सासूबाई सगळे खुशाल असाल. बाळ आता चांगलं हालत असेल. इकडं पुरातून वाचला तेवढा कापूस वेचून झाला. तुमच्यासाठी आतल्या खोलीला चुना मारलाय. पुराच्या पाण्याची रेघ अजून खालून दिसते, पण ओल गेली.

फोन असताना वहिनी पत्र कशाला लिहीत बसली, असं तुम्हाला वाटेल. गावातला माऊली टेम्पो घेऊन तुमच्या भोकरदनला निघालाय, त्याच्या हाती देते आहे. फोनवर मला हे बोलणं जमलं नसतं. जमत नाही म्हणूनच तर इतके दिवस काहीबाही बोलत राह्यले.

ओटीभरण झालं की तुमचे दादा तुम्हाला आणायला येणार, असं ठरलं होतं. मी कधी म्हणाले रस्ता खराब आहे, कधी म्हणाले डास फार झालेत, कधी म्हणाले दादाला सुट्टी मिळेना. परवा तुम्ही विचारलं, "वहिनी, माझं बाळंतपण तुम्हाला जड झालं का?" मी परत डासांचंच काढलं. तुम्ही फोन ठेवलात. तुमच्या जागी मीही ठेवला असता.

दादाला सुट्टी नाही हे तर बिलकुल खोटं. दादा घरीच आहेत. का आहेत, ते पुढं लिहिते.

पूर ओसरल्यावर गावात प्यायला पाणी नव्हतं, हे तुम्हाला माहीत आहे. नळाचे पाईप दुधना नदीनं उखडून नेले, विहिरीत गाळ आणि मेलेली वासरं. तेव्हा दादांच्या कंपनीनं ट्रकवर बसवलेलं पाण्याचं मशीन पाठवलं. खरं सांगते, त्या दिवसांत त्यांनीच आम्हाला जगवलं. शाळेपुढं मशीन उभं केलं, विहीर उपसली, तिचंच पाणी गाळून तोटीतून द्यायला लागले. काचेसारखं नितळ पाणी. मशीनपाशी साधना नावाची कंपनीची मुलगी असायची, फार चांगली. दुपारी आपल्याकडंच जेवायची. आई तिला वाढताना म्हणायच्या, "माझ्या तृप्तीसारखीच हाये गं तू, भात ठेवून पोळीच खाती." सरपण सगळं भिजलेलं, त्यात असं पाणी दिसल्यावर उकळणार कोण? गावानं उकळणं सोडून दिलं.

आता लिहायचं ते लिहिते. आईला कावीळ झाली आहे.

दिवाळीनंतर जेवण जाईना, उलट्या व्हायला लागल्या, मंग डोळे पिवळे दिसले. जालन्याच्या दवाखान्यात ठेवलंय. अण्णा जवळ आहेत. "शेतात हाये, मागून बोलते" असं तुम्हाला त्या म्हणतात ना, ते खाटेवर पडून म्हणतात. मला शपथ घातलीय, "पोरीला कळू द्यायचं न्हाई. कळलं की ती पळत यील." ती शपथ मी आज मोडते आहे.

कारण डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "घरात कुणी गरोदर आहे का?" तुम्ही येणार आहात, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "आणू नका. ही कावीळ पाण्यातून येते. बाकीच्यांना होऊन बरी होते, पण गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते." पुराच्या पाण्यानं झाली की मशीनच्या, असं मी विचारलं. ते आता सांगता येणार नाही म्हणाले. ताई, तेव्हापासून रोज तुमचा फोन वाजला की वाटतं, तुम्ही बसमध्ये बसूनच बोलताय.

गावी परत आले ती थेट साधनाकडं गेले. तिला म्हटलं, "मशीन बराबर आहे ना?" ती आधी इकडंतिकडं बघत राह्यली. मंग रडायलाच लागली. मशीनमध्ये जंतू मारणारा एक दिवा असतो, तो दिवाळीच्या आधीच गेलेला. पाणी गाळलं जात होतं, पण जंतू मरत नव्हते. तिनं वर कळवलं होतं. "कार्यक्रम होऊ दे, मंग बदलू. तोवर गावात बोलायचं न्हाई," असं तिला सांगितलं.

कार्यक्रम म्हणजे दुसऱ्याच दिवशी कंपनीचे मोठे साहेब येऊन गावासमोर मशीनचं पाणी पिणार आणि त्याचे फोटो निघणार. दादा त्यांच्या कारखान्यातले, म्हणून साहेबांना पेला द्यायचा मान मला होता.

त्या दिवशी मी जरीचं लुगडं नेसून ताट धरून उभी राहिले. समोरच्या रांगेत गल्लीतल्या बेबीनंदाची सून बसली होती, तुमच्याइतकेच दिवस गेलेली. तिच्या हातात मशीनचीच बाटली. साहेबांनी हात पुढं केला. मी ताट मागं घेतलं.

"द्या ना," साहेब हसून म्हणाले.

मी म्हटलं, "साहेब, हे पाणी मी तुम्हाला देऊ शकत न्हाई. मशीनचा दिवा बंद हाये. आमच्या घरात कावीळ झाली."

 साहेबांनी मागं वळून आपल्या माणसांकडं बघितलं. एकानंही मान वर केली नाही. साहेबांना खरंच माहीत नव्हतं, असं मला वाटतं. ते स्टेजवरून खाली उतरले आणि गाडीत जाऊन बसले. दिवे लागायच्या आत जालन्याहून नवा दिवा आला. आता विहिरीत औषध टाकतात, घरोघरी पाणी उकळतात, आणि बेबीनंदानं सुनेला तिच्या माहेरी पोचवलं.

दुसऱ्या दिवशी दादांना कारखान्याच्या ठेकेदाराचा निरोप आला, थोडे दिवस कामावर येऊ नका. साधनालाही परत बोलावून घेतलंय, तिचं काय झालं कळलं नाही. दादा मला रागावले नाहीत. रात्री फक्त म्हणाले, "तृप्ती आली असती तर पहिलं पाणी आपण तेच दिलं असतं." आणि कूस बदलून झोपले.

काल आईला भेटून आले. डॉक्टर म्हणतात, पिवळेपणा उतरतोय, पण अन्न अजून ठरत नाही. पेजेचे दोन घोट घेतले. खोटा धीर देत नाही, जसं आहे तसं लिहिलंय.

ताई, आईला बघायला यावंसं वाटेल. रात्रभर झोप लागणार नाही. तरी येऊ नका. बाळंतपण तिकडंच करा, तुमच्या सासूबाईंना हे पत्र वाचून दाखवा, मी त्यांचेही पाय धरते. डिंक, मेथी सगळं मी करून पाठवीन. तुम्ही तिथं पाणी उकळूनच प्या.

वाचून झालं की फोन करा. आईला करू नका, मला करा. रागावून बोललात तरी ऐकेन, नुसत्या रडलात तरी ऐकेन. फक्त मागून बसस्टँडचा आवाज येऊ नये, एवढंच मी कान लावून ऐकणार आहे.

तुमच्या फोनची वाट बघत बसलेली,
तुमची वहिनी
दैवशाला