सरळ नळीची दुर्बीण

४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र रागात लिहिते आहे, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे. आमच्या नेमबाजी क्लबची बायकांची टीम दोन मार्चला ठरणार. चौघींपैकी तिघी ठरल्यासारख्याच आहेत. चौथ्या जागेसाठी मी आणि पोस्टातून निवृत्त झालेली एक उंच बाई, अशा दोघी उरलो. काल सेक्रेटरींनी सर्वांदेखत मला सुचवलं की सामन्याच्या दिवशी मी टेबलावर बसून नावं लिहून घ्यावीत, माझं अक्षर सुंदर आहे. एकसष्ट वर्षांच्या बाईला रायफलीपेक्षा पेन शोभतं म्हणे. चार वर्षं दर रविवारी चटईवर पालथी पडून मी कोपरं सोलून घेतली, ती काय अक्षर सुधारायला?

अडचण एकच आहे. पन्नास मीटरवरच्या कागदावर गोळीचं भोक दाण्याएवढं, नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आधीची कुठे लागली ते कळल्याशिवाय पुढची सुधारणार कशी? शेजारणीच्या दुर्बिणीत किती दिवस डोकवायचं? स्टँडवर ठेवायची असते ती दुर्बीण, इथे सगळे स्पॉटिंग स्कोप म्हणतात, ती मला घ्यायची आहे. भिंगांतलं मला ओ का ठो कळत नाही, तुझा जन्म त्यात गेला. तूच निवड.

राग सोडून बाकी सर्व ठीक. माया आहे तेवढी राहू दे.

तुझी
धाकटी


११ जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या सेक्रेटरींचं वाचून दुपारची झोप उडाली. दुसऱ्याच दिवशी दुकान गाठलं. कपाटात ओळीने मांडलेल्या दुर्बिणी पाहिल्या आणि मोजणी खात्यातली आमची दुरुस्तीची खोली डोळ्यांपुढे उभी राहिली. उत्तरेची खिडकी, भिंगं पुसायचं मऊ कातडं आणि रस्त्यापलीकडची शाळा. दुरुस्त केलेली प्रत्येक दुर्बीण मी उभ्याने त्या शाळेच्या फळ्यावर रोखून तपासायचो. फळ्यावर कविता असली की दिवस सोन्याचा. पण चौथ्या ओळीशी पोचतो न पोचतो तोच मास्तर फडकं मारायचे. तीस वर्षांत कितीतरी कविता अशा अर्ध्याच पाठ झाल्या. अर्ध्या होत्या म्हणूनच इतक्या गोड राहिल्या असतील.

असो. दुकानदार भलताच शहाणा निघाला. आधी साठपट मोठं दाखवणारी माझ्या गळ्यात मारत होता. मी त्याला सुनावलं की एवढ्या मोठेपणात तापलेल्या जमिनीवरची हवा आधी नाचते आणि भोक मग दिसतं, पंचवीसपट पुरे. मग त्याने एक वाकड्या मानेची पुढे केली, जिच्यात वरून डोकवावं लागतं. समोरचं बघायला वाकडं कशाला व्हायचं, असं मी विचारलं. त्यावर उलट मलाच विचारतो की बहीणबाई नेम धरतात तो उभ्याने की पडून, आणि चष्मा लावतात का. एका बाईमाणसाबद्दल या नसत्या चौकशा. चांगलाच झापला त्याला. बघणारा उभा आहे की आडवा, हे भिंगाला काय कळतं? सरळ नळीची घेतली. दुकानाच्या दारात उभं राहून दोन गल्ल्यांपलीकडची पाटी काना-मात्रेसकट वाचली, तेव्हाच समाधान झालं.

पार्सल पाठवतो आहे. आता त्या लोकांना दाखव. दादाची आठवण असू दे, नेमाच्या वेळी सोडून.

तुझा
दादा


२५ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

दुर्बीण पोचली. फार छान आहे. भोकाच्या कडेचा फाटलेला कागदसुद्धा दिसतो. सगळ्या जणी बघून गेल्या आणि मी प्रत्येकीला सांगितलं की माझ्या दादाने निवडली.

गुण मात्र जरा खाली आलेत. सहाशेपैकी पाचशे ऐंशीच्या खाली मी सहा महिन्यांत उतरले नव्हते, या रविवारी पाचशे एकसष्ट झाले. वारा होता. शिवाय जागा अगदी शेवटची, भिंतीकडची होती. मान आखडली आहे, ती थंडीने असेल. सेक्रेटरी मागून जाताना टेबलाकडे बघून हसले असं मला वाटलं.

तू काळजी करू नकोस. पत्र येत राहो.

तुझी
धाकटी


३० जानेवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

वारा काय एकट्या तुझ्याच कागदावर वाहतो? भिंतीकडची जागा तुला का दिली, हे न कळण्याइतका मी भोळा नाही. तुझ्या क्लबच्या अध्यक्षांना कालच दोन पानी पत्र टाकलं. सेक्रेटरी तुला मुद्दाम कोपऱ्यात ढकलतात, याची चौकशी व्हावी, असं स्पष्ट लिहिलं. खात्यात असताना माझ्या अशा पत्रांना साहेबलोक वचकून असत.

तू मुळीच मध्ये पडू नकोस. मी आहे. जीव लावून आहेस तशीच राहा.

तुझा
दादा


६ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

हे पत्र आईला न सांगता आणि रागावून लिहिते आहे. दोन्हींची माफी नंतर मागेन.

मामा, तू आईला नेम धरताना एकदा तरी पाहिलं आहेस का? ती पालथी पडते, डावा हात पट्ट्यात आवळलेला, गाल रायफलीला टेकलेला. ही मांडणी जमायला पाच मिनिटं लागतात आणि एकदा जमली की हलवायची नसते. दुर्बीण अशी हवी की नुसती नजर वळवली की दिसलं पाहिजे. तुझ्या सरळ नळीला डोळा अगदी चिकटवावा लागतो आणि मध्ये चष्मा येतो. म्हणून आई गोळी मारते, गाल उचलते, चष्मा काढते, मान ताणते, बघते, आणि मग सगळी मांडणी पहिल्यापासून. एका सामन्यात साठ गोळ्या, साठ वेळा हेच.

भिंतीकडची जागा तिने स्वतः मागून घेतली, आपली ओढाताण कोणाला दिसू नये म्हणून. आणि तुझ्या पत्रावरून अध्यक्षांनी सेक्रेटरींना समोर उभं करून जाब विचारला. आता आईला तिथे मान वर करायची सोय नाही.

मी म्हटलं, बदलून घे. तर म्हणाली की दादाने इतक्या हौसेने निवडली आहे, त्याला काय वाटेल. तुझ्या आवडीची सायकल, तुझ्या पसंतीचा कॉलेजातला विषय, तू नको म्हटलेली नोकरी, हे सगळं तिने असंच छान आहे म्हणून घेतलं, हे मला आजच कळलं.

रागावलास तरी मला चालेल. तिला मात्र काही बोलू नकोस.

तुझी
भाची


१२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या लेकीचं पत्र आलं. तिला एक शब्द बोलू नकोस. ती बोलू नकोस म्हणाली तरी मी तुला बोलणार आहे.

पत्र वाचलं आणि दार लोटून जमिनीवर पालथा पडलो. खांद्याला काठी लावली, डोळ्याशी गुंडाळलेलं वर्तमानपत्र धरलं. चष्मा खाली, मान वर, काठी तिसरीकडेच. उठता येईना, तेव्हा शेजारच्या डॉक्टरीणबाईंना हाक मारली. त्यांना वाटलं मी पडलो. पडलोच होतो म्हणा.

मग दुकानात गेलो. दुकानदाराची माफी मागितली आणि भर दुकानात परत आडवा झालो. तो भला माणूसही शेजारी आडवा होऊन दाखवायला लागला, गिऱ्हाईकं आम्हाला ओलांडून जात होती. वाकड्या मानेची घेतली आहे. तिची मान तुझ्याकडे वळवून ठेवता येते, डोळा बोटभर लांब ठेवून चष्म्यासकट पूर्ण चित्र दिसतं आणि स्टँड वीतभर उंचीवर बसतो. मी गाल न हलवता समोरच्या भिंतीवरची टाचणी मोजली.

पण धाकटे, फार छान आहे असं लिहिताना तुझा हात अडखळला नाही? माझं मन राखायला तू तुझे गुण घालवलेस, मान आखडून घेतलीस आणि मला अध्यक्षांपुढे खोटं पाडलंस. काचेतला ओरखडा मला अंधारातही बोटाला कळायचा. तुझं एवढं खोटं साठ वर्षांत कळू नये? या वयात बहिणीने माझी समजूत काढावी, इतका मी नाजूक नाही.

तुझी निवड झाली की सामन्याला मी येणार. तिकीट काढून ठेवलं आहे. तुझ्या मागे उभा राहून प्रत्येक गोळी बघणार. राग गेला नाही, पण तो तुझ्यावर जास्त की माझ्यावर, हे ठरत नाही.

तुझा
दादा


३ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पाचशे सत्त्याऐंशी. उंच बाईंना पाचशे चौऱ्याऐंशी. टीममध्ये माझं नाव लागलं.

पहिली दुर्बीण वाईट होती. म्हणजे भिंग चांगलं होतं, पण मला ती वाईट होती. दुसरी चांगली आहे, तिचा स्टँड मात्र उजव्या पायात डुगडुगतो, त्याखाली पुठ्ठा घातला. सायकल मला उंच पडायची. नोकरीबद्दल एका पत्रात लिहून होणार नाही.

अध्यक्षांकडे जाऊन मी सांगितलं की भावाचं पत्र चुकीचं आहे, ती जागा मीच मागितली होती. सेक्रेटरींचीही माफी मागितली. टेबलाबद्दल मात्र त्यांना सांगून टाकलं की अक्षर त्यांचंही वाईट नाही, त्यांनीच बसावं. ते वरमले, पण बसायला कबूल झाले.

आता पुढचं. हे मी तीनदा लिहून फाडलं आहे. सामन्याला येऊ नकोस. तू मागे उभा राहिलास की माझी पाठ तुझ्याकडे असली तरी मी तुझ्याचकडे बघत राहीन. दहाच्या वर्तुळात गोळी मारायची ती तुला आवडावी म्हणून मारेन, आणि मग ती नवात जाईल. कालच्या साठ गोळ्या मारताना मला तू आठवला नाहीस. एकदाही नाही. किती शांत वाटलं, तुला कसं सांगू.

तिकीट परत कर. रुसलास तरी परत कर. निकाल त्याच संध्याकाळी लिहीन, जसा असेल तसा.

लोभ मागत नाही, तो आहे हे धरूनच एवढं लिहिलं.

तुझी
धाकटी