क्रेडिटचा हिशेब

लाटंबार्से

प्रिय अनंतदादा,

कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हे पत्र हाती घेतलं असशील तर आधी जेवून घे, मग वाच. माझा निकाल लागला, आठ पॉईंट दोन. शाबासकी नंतर दे.

तुझ्या सात पॉईंट एक चारवरून घरात काय झालं ते मी विसरलेले नाही. बाबांनी तुझ्या चार विषयांचे आठ, आठ, सात आणि चार पॉईंट मिळवले, चाराने भागले, पावणेसात आले. म्हणजे मार्कशीट तू खोटी करून आणलीस असं त्यांनी ठरवून टाकलं. "माका फसयतंस?" म्हणत ट्रकच्या जॅकची दांडी उचलली. तुझं हाड मोडल्याचा आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू आला होता.

परवा माझी मार्कशीट आल्यावर मी त्यांना समोर बसवलं आणि तुझाच हिशेब काढला. तुझे पहिले तीन विषय चार-चार क्रेडिटचे, शेवटचा नुसता दोनचा. जन्मभर खाणीवर ट्रक चालवलात, दहा टनांची खेप आणि टेम्पोची खेप सारखी धराल का, असं विचारलं. पॉईंटला क्रेडिटने गुणायचं, बेरीज झाली शंभर, क्रेडिट चौदा, आता भागा म्हटलं. त्यांनी स्वतः भागलं. बरोबर सात पॉईंट एक चार. त्यांचा चेहरा पडला आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं. तेवढ्यात आई बोलून गेली, "तेव्हाच कोणाक इचारला असतात तर झिलाचो हात मोडलो नसतो."

बाबांनी तिचे केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. रक्त तिच्या पदरावर, माझ्या मार्कशीटवर, सगळीकडे. मी कोयती घेऊन मध्ये उभी राहिले. बाबा पुढे आले असते तर मी त्यांना तोडलंच असतं. इतके दिवस आपण समजत होतो की हिशेब चुकला म्हणून मार पडला. हिशेब बरोबर आला तरी पडलाच की रे!

मी पोलिसांत तक्रार केली, बाबांना नेलंय. पण टाके घातलेलं डोकं घेऊन आई सगळ्यांना विहिरीवर घसरले म्हणून सांगते आहे. तूही डॉक्टरांना मोटरसायकलवरून पडलो म्हणाला होतास. त्याचा मला राग नाही. पण माझ्या एकटीच्या शब्दावर हे टिकणार नाही. डिचोलीला ये आणि तुझा हात कोणी मोडला ते पोलिसांना सांग. नाही आलास तर ते सुटून घरी येतील, आणि घरात आम्ही दोघीच आहोत.

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझीच
कमल