भूल द्यायला कुठं शिकावं

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमच्या हाताखाली शिकलेलं आता माझ्याखेरीज बहुधा कुणी उरलेलं नाही. सकाळपासून मला पन्नासच्या दशकातले ते दिवस आठवताहेत. भूल देण्याचं शास्त्र शिकायचं ठरवलं होतं आणि हॉस्पिटल निवडायचं होतं. एक जागा मुलुंडच्या मोठ्या हॉस्पिटलात, दुसरी आमच्या घाटकोपरात, तुमच्याकडे. मुलुंडला भूल द्यायचं विलायती यंत्र होतं आणि दिवसभर ऑपरेशनं चालायची. तुमच्याकडे एकच टेबल, इथरची बाटली आणि ते ठिबकवायला रोग्याच्या तोंडावर धरायची ती जाळी. घरी अप्पा म्हणाले, "यात विचार कसला करतेस? सरळ मुलुंड!" मी दोन्हीकडे विचारलं, एकटीनं भूल द्यायला कधी मिळेल? मुलुंडचे प्रमुख कौतुकानं म्हणाले, "पहिल्याच आठवड्यात." तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत आणि म्हणालात, "तू आत असताना मला बाहेर बसून निवांत चहा पिता येईल, तेव्हा." मला राग आला. पण पहिला आठवडा ऐकून मी घाबरले होते हेही खरं, म्हणून तुमच्याकडे आले.

तुमचं बोलणं मात्र फार लागायचं हो. मी पोटावरचं ऑपरेशन बघण्यात रमले, की तुम्ही खालच्या आवाजात म्हणायचात, "तिकडे सर्जन बघतोय ना? तुझा पेशंट इकडे आहे." मग ती कुर्ल्याची बाई आली, नवरा गिरणीत, माणसं मालवणची. टेबलावर निजल्यावर तिनं माझा हात घट्ट धरला. "बाय, माका उठवशीत मा गे?" उठवीन म्हणून मी मान डोलावली. पोट उघडलं, सर्जननी आतडं ओढलं आणि तिचा श्वास घशातच अडकला. मी जाळी बाजूला करते, जबडा वर उचलते, ऑक्सिजनची नळी नाकाशी धरते. पण छाती हलत नाही आणि कानाची पाळी निळी पडत चाललीय. ओढणं थांबायला हवं, हे मला कळतंय, पण त्या दरारा असलेल्या माणसाला मी काय सांगणार? तुम्ही शेजारी उभ्या, हाताची घडी घालून. म्हणालात, "मी नाही सांगणार. तू सांग."

"सर, थांबा," मी म्हटलं. "हात काढा, श्वास अडकलाय!"

"कोण बोललं?" ते गुरकावले.

"जिच्या हातात त्या बाईचा जीव आहे, ती," तुम्ही म्हणालात. "ऐकलंत ना? थांबा."

ते थांबले. मग किती वेळ गेला ते मला आजही सांगता येत नाही. घरघर करत एक श्वास आला, मग दुसरा, आणि कानाची पाळी हळूहळू गुलाबी झाली. दुपारी वॉर्डात तिनं डोळे उघडून "झाला?" असं विचारलं, तेव्हा मी जिन्यात जाऊन रडले. तुम्ही मागून आलात. वाटलं, पाठ थोपटाल. "तोंड धू," म्हणालात, "पुढची केस आहे." त्या केसला तुम्ही अर्ध्यातच उठून चहाला गेलात.

वर्षभरानं तुम्हीच मला मुलुंडला धाडलंत. "माझ्याकडे नाही ते तिथं आहे, ते शिकून घे. यंत्राला नावं ठेवू नकोस." तिथंही मला चांगली माणसं भेटली, पुष्कळ शिकले. पण सर्जनला थांबा म्हणायला मी तुमच्याकडे शिकले. पुढं कितीतरी वेळा म्हणाले, आणि त्यातली कितीतरी माणसं आपल्या पायांनी घरी गेली. तुमचे आभार मात्र कधी मानले नाहीत. तुम्हाला ते आवडलंही नसतं.

परवा माझं पित्ताशयाचं ऑपरेशन आहे. भूल माझीच एक विद्यार्थिनी देणार आहे, हाताची फार चांगली. काल ती सगळं समजावून सांगत होती, तर मी तिला म्हटलं, "अगं, मला काय सांगतेस!" आणि दोघी खूप हसलो. हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहितेय. मला भीती वाटतेय, बाई. घरात कुणाला बोलले नाही.