खाऱ्या पाण्यातली सोयरीक

जळगाव,
धोंड्याच्या महिन्यातला मंगळवार. उन्हाचं विचारू नकोस.

तीर्थस्वरूप अक्का,

धाकट्या रतिलालचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, तुझी साखर आणि तुझा कुलर ही तिन्ही धुळ्यात धड चालत असतील अशी आशा करतो. माझं म्हणशील तर पाठ धरली आहे, डोळ्यांची आग होते आणि कशातच मन लागत नाही. बाकी प्रकृती उत्तम. घरात फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशीलच. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. परवाही "धोंडाना महिना शे, जवाईले बलाव, बठ्ठं नीट हुई जाई" एवढं सांगून तू फोन ठेवलास आणि मी 'हो' आणि 'नाही' यांच्या मधला कुठलातरी आवाज काढत राहिलो. (तो तू 'हो' धरला असशील. लहानपणापासून तुझी हीच पद्धत आहे.) पत्राला मध्येच तोडता येत नाही, म्हणून बसून सविस्तर लिहितो. जावयाच्या विषयावर येणारच आहे, पण त्याआधी माशांचं सांगणं भाग आहे.

सोनल संक्रांतीला माहेरपणाला आली ती परत गेली नाही, हे तुला माहीत आहे. का गेली नाही ते तिने सांगितलं नाही. सुनिता असती तर तिने आईच्या हक्काने चार वाक्यांत काढून घेतलं असतं. मला पोरीला 'चहा घेतेस का' याच्या पलीकडे काही विचारता येत नाही. तीही 'हो' किंवा 'नको' याच्या पलीकडे बोलत नव्हती. असे आम्ही दोघे दिवसभर चहा पीत बसायचो. मग एक दिवस मोबाईलमधून मान वर काढून ती म्हणाली, "पप्पा, समुद्राच्या माशांची टाकी करू या?" अक्का, तिने आपणहून काही मागितलं ते हेच. तिने हत्ती मागितला असता तरी मी सोंडेला किती केळी लागतात ते रावेरला विचारून आलो असतो. मी हो म्हणालो. ज्या घरात मासा फक्त मीन राशीपुरता ठाऊक, त्या घराच्या पुढच्या खोलीत काचेचा समुद्र आला. सुनिताच्या फोटोखालचं टेबल त्याला दिलं, कारण दुसरं टेबल डुगडुगतं.

समुद्राला खारं पाणी लागतं. इथे नळ दोन दिवसांआड येतो, ते पाणी आम्ही यंत्रातून शुद्ध करायचो आणि शुद्ध झालं की त्यात मीठ कालवायचो. शेजारच्या भुरीबाईंनी हे बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या की मीठच हवं तर लोणच्याचं देते. (माशांचं मीठ वेगळं असतं. तेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी सुनिताच्या दहाव्याला पाहिली होती.) त्यात उन्हाळा. माणसं भाजून निघत होती आणि टाकीच्या पाण्याला गारवा हवा, म्हणून घरातला एकमेव कुलर टाकीकडे तोंड करून बसवला. मी पाठीमागे बसायचो. पाठ धरली ती त्यामुळेच असावी.

एवढं झाल्यावर मासे कुठे, तर नाहीत. महिन्याहून जास्त दिवस टाकीत नुसते दगड आणि पाणी. पाणी मुरावं लागतं म्हणे. तेवढ्या काळात कोण कोणाबरोबर नांदेल हे ठरवायचं. हे ऐकून मी सरसावून बसलो, कारण समाजाच्या वधूवर मेळाव्यात मी इतकी वर्षं टेबलावर बसलोय, सोयरीक जुळवणं हा आपल्या घराचाच प्रांत. मी म्हटलं, रंगाला रंग बघू, उंचीला उंची, आणि एकाच कुळातले असले म्हणजे प्रश्नच नाही. तर अक्का, तिथे सगळं उलटं आहे. एका कुळातले मासेच एकमेकांना जास्त चावतात. (ते मला पटलं. आपली भाऊबंदकी तू पाहिली आहेस.) सोनल प्रत्येकाचं वेगळंच विचारायची. हा खातो काय, झोपतो कुठे, याला पोहायला किती जागा लागते, हा दुसऱ्याला चावतो का. मी इतक्या सोयरिकी बसवल्या, पण मुलगा चावतो का हे आम्ही कधी विचारलं नाही. तिच्या आणि नवलरावांच्या पत्रिकेत अठ्ठावीस गुण जुळले होते, गुरुजींनी पेढा मागून घेतला होता.

शेवटी तिने मंडळी ठरवली. काचा साफ करायला गोगलगायी, केशरी पट्ट्यांचं एक जोडपं, आणि एक फायरफिश म्हणून मासा. बोटाएवढा, पुढून पांढरा, शेपटीकडे लाल, स्वभावाने अगदी भित्रा. त्याला दगडात एक बीळ हवं आणि कोणी मागे लागलं नाही म्हणजे झालं. घाबरला तर पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीवर जाळी. केशरी जोडप्यात बायको मोठी आणि घरावर तिचाच अंमल, नवरा मागे मागे फिरतो. (त्याला पाहून मला आपलं माणूस भेटल्यासारखं झालं.) सोनल त्यांच्यासमोर बसून जेवायला लागली. एकदा तर पोळी जास्तीची मागून घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले.

माणसाने तिथे थांबावं. मी मागच्या महिन्यात तुझ्याकडे धुळ्याला आलो होतो तेव्हा माझ्या मांडीवर एक पिशवी होती. तू 'काय शे?' विचारलंस आणि मी 'औषध' म्हणालो. ते औषध नव्हतं. तुमच्या धुळ्यातल्या नासीरभाईंच्या दुकानातला निळा मासा होता. सोनलला आनंद होईल म्हणून मी तिला न विचारता घेतला. काय देखणा, अक्का. बांधा असा, ऐट अशी, की बाकीचे त्याच्यापुढे कळकट दिसावेत. नासीरभाई म्हणाले, "चाचा, ये कहीं भी जी लेगा." ते खरंच होतं. बाकीचे कसे जगतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचं सुचलं नाही.

सोनलने त्याला पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. पण बापाने आणलाय म्हणून सोडला टाकीत. आल्या आल्या तो सबंध टाकीचा मालक झाला. केशरी बाई त्याला पुरून उरली, ती गोष्ट वेगळी. पण फायरफिशला त्याने बिळातून हुसकलं, तिथून दगडामागे, तिथून नळीमागे. तो खायला बाहेर येईना. आणि त्याच दिवसांत लागला धोंड्याचा महिना. माशांना कणकेच्या गोळ्या घालून पुण्य जोडायचा महिना. भुरीबाई दारात येऊन म्हणाल्या, "तापीवर कोन जाई एवढा ऊनमा? मासा ते तुमना घरमाच शेतस." मग काय, आख्ख्या गल्लीचं पुण्य माझ्या टाकीत पडायला लागलं. पाण्याचं पिठलं झालं. सोनलने बिचारीने बादल्या उपसल्या. मी टाकीशेजारी ताट ठेवलं, गोळ्या त्यात घ्यायचो, म्हणायचो मासे संध्याकाळी खातात, आणि गाईला घालायचो. तरी बाया जाळी सरकवून दर्शन घ्यायच्याच. निळ्याचं सगळ्यांना कौतुक. सोनल एकदा म्हणाली की हा त्या लहान्याला मारतो. त्यावर भुरीबाई, "ऱ्हावू दे वं माय, सवय हुई जाई." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

शुक्रवारी भर दुपारी, बाया नुकत्याच गेल्या होत्या, जाळी बाजूलाच राहिलेली. मी कुलरमागे पेंगत होतो. डोळे उघडले तर सोनल फरशीवर बसलेली. तिच्यापुढे तो फायरफिश, वाळलेला. तिने त्याला हात लावला नव्हता. मी म्हटलं, दुसरा आणू. ती म्हणाली, "त्याला जायला जागाच नव्हती, पप्पा." ती रडली नाही. ती इतकं ओळखीचं बोलल्यासारखी बोलली की मी घाबरलो, अक्का. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

त्यानंतर सगळे दगड बाहेर काढून, चहाची गाळणी, पुरणाची चाळणी अशी शस्त्रं वापरून निळ्याला आम्ही पकडलं. तो आता बादलीत एकटा आहे आणि मजेत आहे. जोडपं बरं आहे. बिळात कोणी नाही. घरी सगळ्यांना यथायोग्य सांग.

तुझा,
रतिलाल

ता. क. निळा मासा नासीरभाईंना परत पोचवायचा आहे. मीच येतो, तुझ्याकडे चहा घेईन. पिशवीत काय आहे ते या वेळी खरं सांगेन.

ता. क. २. नवलरावांना मी धोंडे खायला बोलावलेलं नाही आणि बोलावणार नाही. माझ्या नावाने तू त्यांना येत्या रविवारचं परस्पर सांगून टाकलंस, हे मला काल त्यांच्याच फोनवरून कळलं. ज्या तोंडाने 'या' म्हणालीस त्याच तोंडाने 'येऊ नका' म्हण. समाज काय म्हणेल ते म्हणू दे, टेबलावर मीच बसलेला असतो.

ता. क. ३. पत्र लिहिताना सोनल चहा घेऊन आली. कोणाला लिहिताय, म्हणाली. आत्याला, म्हटलं. "मला पाठवायचं ठरलं का?" तिने असं विचारलं, जसं दूध आलं का विचारावं. मी नाही म्हणालो. ती तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "आणि आत्या?" अक्का, ते तुलाच सांगावं लागेल. तू या वेळी फोन करू नकोस. दोन ओळी का होईना, लिहून पाठव. पाकिटावर तिचं नाव घाल, मी फोडणार नाही.