आत्याचं गाणं, माझी युक्ती

मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

वाट लागली! आमचं घरचं गौरीचं गाणं कमलिनीआत्याने माइकसमोर असं म्हटलं, जशी झाशी स्टेशनवर गाडीची सूचना. सूर बरोबर, जीव नाही. हीच आत्या दरवर्षी गौर हातात घेऊन गात आत येते, तेव्हा प्रेमनगरचे शेजारी हातातली कामं टाकून येतात.

पुढच्या आठवड्यात तिचा मुलगा सलीलदादा तिला कायमची पुण्याला नेतोय. गाणं दुसऱ्या कुणालाच येत नाही. मला समजतं सगळं, पण चारचौघांत गायचं म्हटलं की दातखीळ बसते. म्हणून तर हे रेकॉर्डिंग!

ढोलकवाला पार्थ गालात हसत होता. मी डोळे वटारले. स्टुडिओ माझा, फजितीही माझी.

१३ ऑगस्ट

रेकॉर्डिंगचा लाल दिवा काढून टाकला. ‘नुसती प्रॅक्टिस’ म्हणत गुपचूप रेकॉर्ड केलं. तरी तेच. चहा, समोसे, कौतुक — समोसे तेवढे संपले.

१४ ऑगस्ट

सुचलं! गाणाऱ्याला गोंजारू नये, डिवचावं. आत्या जन्मभर शाळेत गाणं शिकवत आली — चुकीचं ऐकून गप्प बसणं तिला शक्यच नाही. मी मुद्दाम पहिलीच ओळ वाकडी गायली.

आत्या ताडकन उठली. “मुग्धे, ओळ खाली उतरते. तू जिना काय चढतेस?”

आणि गाऊन दाखवली. अंगावर काटा आला माझ्या! माइक चालूच होता. पण मास्तरीण ती — माझ्याकडून ओळ नीट येईपर्यंत पुढे जाईना. म्हटली मग मी बापडीने.

१६ ऑगस्ट

आजही तेच. मी चुकते, ती चिडते, गाते, मग मला घोटवते. पार्थ बिचारा दोघींनाही साथ देतोय.

शेवटच्या कडव्यात गौरीला विचारायचं असतं, इतक्या लवकर का निघालीस. आत्याने डोळे पुसले. मलाही रडू आलं, आणि वाकडं गायचं मी विसरूनच गेले. आत्याने काही दुरुस्त केलं नाही.

झालं! भल्याभल्यांना जमलं नसतं, ते मी जमवलं. आणि तिला पत्तासुद्धा नाही!

२० ऑगस्ट

आत्या गेली. स्टेशनवर पार्थशी काहीतरी कुजबुजली. मला म्हणाली, “गौरी येतील तेव्हा गाणं लाव हं.” पुढची जोडाजोड पार्थवर सोपवलीय. मला तिचा आवाज ऐकवत नाही.

३१ ऑगस्ट

गौर घेऊन दारात उभी. मोबाईलवर आत्याचं गाणं लावलं — आणि ऐकू आले मी! चुका गाळून, ओळीला ओळ जोडून, अख्खं गाणं.

पार्थ ढोलक घेऊन छताकडे बघत होता. “आत्याजी पहले दिन ही बोल गई थीं — जब तक मुग्धा नहीं गाएगी, हम ठीक से नहीं गाएँगे.”

मोबाईल बंद केला. गात आत आले.