लुझेन्का केंद्राची त्रेसष्ट बाद मतं

वेरगा, ७ फेब्रुवारी २०१६

ती. कापाताईस,
लाव्रेंतीचा सा. न. वि. वि.

तुझी मुरंब्याची बरणी पोचली. झाकण इतकं घट्ट लावतेस की उघडायला जावईबापूंना बोलवावं लागलं. ते निम्मा मुरंबा खाऊन गेले. कानांनी आता पुरती रजा घेतली आहे, फोनवर तू ओरडतेस आणि मला फक्त खरखर ऐकू येते, म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तेरा वर्षांनी संसदेसाठीचा आपला मतदारसंघ परत आला. मधल्या काळात नुसत्या पक्षांच्या याद्यांना मत द्यायचं होतं, आता पुन्हा माणसाला द्यायचं. इथल्या संग्रहालयाच्या झिनाइदाबाईंना त्यावर एक पुस्तिका हवी आहे आणि ती मी लिहावी असा त्यांचा हुकूम आहे. हरलेल्या उमेदवाराला वेळ भरपूर असतो, असं म्हणाल्या. बाईचं तोंड फटकळ, पण खोटं काय बोलल्या?

सुरुवात जुन्या दिवसांपासून केली आहे. एकच उमेदवार, दारात अकॉर्डियन, आणि शाळेच्या उपाहारगृहात संत्री! लोक संत्र्यांसाठी पहाटेपासून रांगेत आणि जाता जाता मतदान. मग त्र्याण्णव साल. आम्ही पाच जण उभे होतो आणि मी एक्केचाळीस मतांनी पडलो. पंच्याण्णवला मला पाडणारा तोच कारखानदार ब्रागिन पुन्हा निवडून आला. नव्याण्णवला ‘सगळ्यांच्या विरोधात’ हा रकाना दुसरा आला. मला तर तो उमेदवार सगळ्यात बरा वाटला होता. मग २००३, आणि पुढे मतदारसंघच पुसला गेला.

आता कामाचं. जुन्या कागदांत आपल्या लुझेन्काच्या शाळेतलं केंद्र सापडलं. त्र्याण्णव साली तिथे बाद मतं त्रेसष्ट. शेजारच्या गावांत सहा, सात, फार तर नऊ. केंद्राध्यक्ष तूच होतीस. काय झालं होतं गं? झिनाइदाबाई कारण विचारताहेत.

तुझ्या मायेचा आणि पुढच्या बरणीचा धनी,
लावा

लुझेन्का, १५ फेब्रुवारी

चि. लावा यास,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. इकडे बर्फ खिडकीच्या चौकटीपर्यंत आला आहे. शेजारचा सावेली फावडं घेऊन येतो आणि चहा पिऊन फावडं तसंच घेऊन जातो. मांजराला पिल्लं झाली, चार. एक तुला ठेवलं आहे, नको म्हणू नकोस.

त्या त्रेसष्टचं मला काही आठवत नाही बाबा. बावीस वर्षं झाली. त्या दिवशी एकेकाच्या हातात चार-चार मतपत्रिका होत्या, राज्यघटनेची वेगळी, कुणाची कुठली! म्हातारी माणसं गोंधळली असतील. तू आपला संत्र्यांचं लिही, ते लोकांना आवडेल.

रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस. अधूनमधून आठवण काढत जा.

कापाताई

वेरगा, २३ फेब्रुवारी

ती. कापाताईस,
सा. न. वि. वि.

वा गं वा! मला तिसरीत गणितात पाचपैकी दोन गुण मिळाले होते, ते तू माझ्या लग्नात पंगतीला उठून सांगितलंस. तू मास्तरीण, गावातल्या एकूणएक पोराचे गुण तुला तोंडपाठ असतात. आणि त्रेसष्ट आठवत नाहीत? शेंबड्या पोरालासुद्धा हे पटणार नाही.

थट्टा पुरे. एक्केचाळीस हा आकडा मी बावीस वर्षं उशाशी घेऊन झोपतो आहे. माझ्या न्युराने माझ्यासाठी सूट शिवला होता, मॉस्कोला जायचा. तो मी तिच्या अंत्यविधीला पहिल्यांदा घातला. त्या त्रेसष्टांत काय होतं ते मला कळायला हवं. पुस्तिकेसाठी नाही, माझ्यासाठी. तू सांगणार नसशील तर निदान आठवत नाही असं तरी लिहू नकोस.

पिल्लू पाठव.

लावा

लुझेन्का, २ मार्च

चि. लावा यास,
अ. उ. आ.

सांगते. वाचून झाल्यावर माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव.

आपल्या माणसांना आयुष्यभर एकच सवय, नको त्या नावावर काट मारायची आणि हवं ते नाव कोरं ठेवायचं. त्या वर्षी नियम उलटा झाला. हव्या त्या नावापुढच्या चौकोनात खूण करायची. भिंतीवर मी स्वतः मोठ्या अक्षरांत लिहून लावलं होतं. कोण वाचतो? पेटी उघडली तर त्रेसष्ट मतपत्रिकांवर काटच काट, आणि चौकोन रिकामे. त्यातल्या अठ्ठावन्नांवर एकच नाव कोरं होतं. तुझं.

ग्रंथालयातली तोन्या म्हणाली की माणसाला कोण हवाय ते आंधळ्यालाही दिसतंय, मोजून टाकू. केंद्राच्या समितीत ती धरून दोघं मोजायच्या बाजूने, दोघं विरुद्ध. माझ्या मतावर येऊन अडलं. मी नियमपुस्तक उघडलं आणि सगळी बाद केली. चुलीपुढे बसून एकेक कारण लिहिलं, सही केली. दोन दिवसांनी कळलं की तू एक्केचाळीसांनी पडलास.

आपण एका घरात वाढलो. कायद्याला मावसबहीण सख्खी वाटत नाही, म्हणून मला त्या खुर्चीवर राहू दिलं, नाहीतर हे माझ्या कपाळी आलंच नसतं. पुढे प्रसूतिगृह बंद झालं, लाकडाचा कारखाना गेला, आणि दर वेळी मला वाटायचं, लावा तिथे असता तर! तू दर नाताळात येऊन माझ्या हातचे सारण भरलेले पिरोगी खायचास आणि मी तुझ्या ताटाकडेच बघायचे. सांगायचं धाडस झालं नाही रे. भीती वाटायची, तू यायचा बंद होशील.

आता काय म्हणायचं ते म्हण.

कापाताई

वेरगा, २६ मार्च

ती. कापाताईस,
सा. न. वि. वि.

तीन आठवडे लिहिलं नाही. पहिला आठवडा तुझ्यावर चिडलो होतो, खोटं कशाला बोलू? तुझी बरणी कपाटात मागे ढकलून दिली. उरलेले दोन आठवडे लाज वाटत होती, तीही आज सांगून टाकतो.

मतदानाच्या आदल्या रविवारी मी आपल्या गावच्या क्लबात भाषण केलं. बाकी सगळीकडे लिहून नेलेलं वाचायचो, घरच्या माणसांपुढे कागद कशाला? म्हणून मनाने बोललो. शेवटी टाळ्यांच्या भरात काय म्हणालो असेन? त्या चौघांवर काट मारा आणि मला तेवढा ठेवा! शेजारच्या गावांत सहा-सात आणि आपल्याकडेच त्रेसष्ट का, याचं उत्तर मीच आहे. आणि हे मला बावीस वर्षांत सुचलं नाही, तुझं पत्र वाचून सुचलं.

अजून एक. मी बूथमध्ये गेलो, खिशात सुतारकामाची निळी पेन्सिल होती. छाती भरून आली होती. चौघांवर झोकात रेघा ओढल्या, घडी घातली, पेटीत टाकली. नदीपर्यंत चालत गेलो आणि मधेच आठवलं, चौकोन! ताई, त्या त्रेसष्टांत एक मत उमेदवाराचं स्वतःचं होतं. न्युरालासुद्धा हे कधी सांगितलं नाही.

तू बरोबर केलंस. पुस्तिकेत सगळं लिहितो आहे, भाषणासकट.

बरणी पुढे काढली आहे. तुझा,
लावा

लुझेन्का, ४ एप्रिल

चि. लावा यास,
अ. उ. आ.

बरोबर केलंस म्हणतोस, पण मी तुला अर्धंच सांगितलं होतं. नियमपुस्तक मी नंतर उघडलं. त्याआधी तोन्याला मी हो म्हणणार होते. शब्द ओठावर आला होता. तेवढ्यात ढिगातली पुढची मतपत्रिका हातात आली. निळी पेन्सिल, पट्टी लावल्यासारख्या चार सरळ रेघा, आणि प्रत्येक रेघेच्या टोकाला तुझी ती छोटी खूण, फळी कापायच्या आधी करतोस ती. मेल्या, तुझं अक्षर मी ओळखणार नाही?

मग हो म्हणणं म्हणजे लोकांच्या मतांना नाही, माझ्या भावाला हो म्हणणं झालं असतं. मी नियमपुस्तक पुढे ओढलं. तुझं एक मत दिसलं नसतं, तर बाकीची बासष्ट मी मोजली असती. खूप रडले होते मी त्या दिवशी, शाळेच्या न्हाणीघरात नळ सोडून. आज पत्र वाचून पुन्हा रडले, पण हसतही होते.

हे पुस्तिकेत घालायचं की नाही ते तू बघ. पिल्लू सावेलीच्या गाडीतून पाठवते आहे, दूध कोमट दे. तुझं नाव अजून आपल्याच गावच्या यादीत आहे. सप्टेंबरात मतदानाला ये, पिरोगी करून ठेवते. सूट घालून ये, आणि येताना ती पेन्सिल घरी ठेव.

वाट बघते आहे.

कापाताई