धूर गेला की आत घ्यायची

माय, तुला जाऊन एकतीस वर्षं झाली आणि मी चौथी शिकलेली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नको. तुला तर वाचताही येत नव्हतं.

आम्ही पेनसिल्व्हेनियात एका मोटेलवर कामाला आहोत. मी खोल्या झाडते, तुझे जावई काउंटर सांभाळायचे. मोटेलमागच्या जुन्या घरात वर मालकीण म्हातारी राहते, खाली आम्ही तिघं. इथं पूर्वी खाणी होत्या, म्हणून अजून घराघरांत कोळशाची लोखंडी शेगडी आहे, पेटीएवढी, धुराडं थेट छपरातून वर गेलेलं. पार्सिपनी शहरातल्या मराठी बायका भेटल्या की हसतात, "अहो, अमेरिकेत येऊन कोळसा कसला घालताय?" घालते, दुसरं काय करू! हिवाळ्यात यांच्या छातीचं ऑपरेशन झालं आणि तेव्हापासून यांच्या अंगातली थंडी जातच नाही. एप्रिल आला, रस्त्यावर लोक अर्ध्या बाह्यांत फिरायला लागले, आणि हे दोन स्वेटर घालून विचारतात, "शेगडी विझली का गं?"

आता थंडी नाही तर कोळसा कशाला जाळायचा, म्हणून मी दोनच ओंजळी घालायची आणि राख रोज खरडून काढायची, तुझ्यासारखी, स्वच्छ. शेगडी आपली मेल्यासारखी धुमसायची. एका दुपारी हे झोपले होते. भिंतीवर धोक्याच्या भोंग्याची डबी लावलेली आहे, ती कर्कश ओरडायला लागली. मी खुर्चीवर चढून तिचा सेल काढून टाकला. धूर नाही, वास नाही, मग ओरडतेस कशाला मेले? तेवढ्यात म्हातारी जिना उतरून आली, सत्तर वर्षांची बाई, पण तिनं यांना बखोटीला धरून अंगणात ओढलं, सगळी दारं उघडली आणि माझ्यावर असली ओरडली की मला एक शब्द कळला नाही. पोरगी कॉलेजातून आल्यावर तिनं सांगितलं.

"मम्मी, ती म्हणते, बाहेर वॉर्म असलं की धुराडं वर ओढतच नाही. मग गॅस खोलीत येतो. त्याला वास नसतो, रंग नसतो. डॅडी गेले असते! तू सेल काढलास? सीरियसली?"

"मग काय करायचं, विचार तिला."

शेगडी भरूनच ठेवायची, अर्धवट नाही. राख थोडी खाली राहू द्यायची. सकाळ-संध्याकाळ हवा पूर्ण सोडून धुराडं तापवायचं. ते नाही जमलं तर विझवायची आणि माणसाला गोधडी द्यायची. मग म्हातारी आणखी काही बोलली आणि पोरीनं ते सहज सांगून टाकलं, की म्हातारीचा भाऊ लहानपणी असाच गेला होता, आणि अशी माणसं मेल्यावर गुलाबी दिसतात. झोपल्यासारखी.

ते गुलाबीचं मी पोरीला पुन्हा सांगायला लावलं, माय.

वणीच्या आपल्या त्या खोलीत तू सिगडी अंगणात पेटवायचीस. दगडी कोळशाचा काळा धूर निघून जाईपर्यंत तिला उंबरा ओलांडू द्यायची नाहीस. मला धीर कधीच नव्हता. एकदा लवकर आत आणली तर फुंकणी पाठीत बसली. "कार्टे, धूर गेला की आत घ्यायची, किती वेळा सांगू?" पौषात तुला हिवताप आला. मी पंधराची. खाटेवर तू हलतेस, दात वाजतायत, आणि मी अंगणात सिगडीसमोर उकिडवी बसलेय, धूर पूर्ण जाईपर्यंत. आयुष्यात एकदाच धीर धरला. मग लालभडक सिगडी तुझ्या खाटेपाशी ठेवली, खिडकी लावली, दाराखाली गोणपाट कोंबलं आणि खाणावळीत तुझ्या वाटणीच्या भाकऱ्या थापायला गेले, तुझं काम जाऊ नये म्हणून. दिवेलागणीला परत आले तर तू गेलेली. गाल लाल. शेजारणी म्हणाल्या, पुण्यवान बाई गेली, बघा कसं तेज आलंय तोंडावर. वैद्य म्हणाला, ताप डोक्यात गेला. सगळ्यांनी मान डोलावली, मीही.

सुरुवातीला तुझाच राग आला, खोटं कशाला बोलू. धुराचंच का सांगितलंस? पण तुला तरी कुणी सांगितलं होतं? खाणावळीच्या भटारखान्याला भिंतच नव्हती, तिथं कोण मरणार? खिडकी लाव असं तू म्हणाली नव्हतीस. गोणपाटाचं तर नाहीच. ते माझं डोकं. वारा येत होता आणि तू कण्हत होतीस.

आता हे बरे आहेत. शेगडी मी विझवली, ते गोधडीत बसून कुरकुर करतात, करू देत.

परवा फोनचं कार्ड आणून दादाला फोन लावला. तू गेलीस तेव्हा तो नागपूरला होता, चार दिवसांनी पोचला होता. त्याला सगळं सांगायचं ठरवलं होतं. यांच्या त्या दुपारपासून सुरुवात केली, सिगडीपर्यंत आले, तर तो मध्येच रडायला लागला. म्हातारा झालाय गं तो. म्हणाला, "मी तर पोचलोही नाही. तू होतीस म्हणून माय शेवटी उबेत तरी गेली."

मी हो म्हटलं. मग त्याला इथलं हवामान सांगत बसले.